अक्षरांचे शिल्पकार जावजी दादाजी



घरात लग्न ठरले की आपण पत्रिका छापायला जातो. वधू-वरांची नावे ठळक आणि डौलदार अक्षरांत हवीत, बाकी मजकूर साधा चालेल, असे छापखानेवाल्याला सांगतो. सभेची जाहिरात, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक, दुकानाची पाटी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, सगळीकडे हीच रीत. दुरून नजर खेचून घेणारे अक्षर वेगळे आणि जवळ बसून वाचायचे अक्षर वेगळे. पण हे अक्षर कोणी घडवले, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. अक्षरे पावसासारखी आपोआप आली असावीत, असेच आपण धरून चालतो. वास्तविक छापील मराठी अक्षराच्या प्रत्येक वळणामागे कोणाचा तरी हात आहे. त्या हातांपैकी फार मोठा हात जावजी दादाजी चौधरी यांचा. त्यांच्या जीवनाची ओळख करून घेणे तुम्हा-आम्हा सर्वांना उपयोगाचे होईल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. घराणे मूळचे उंबरगावकडचे. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. त्यामुळे शाळा लवकर सुटली आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते कामाला लागले. काम मिळाले ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. पगार महिना दोन रुपये. काम कोणते, तर टाइप घासण्याचे.

आजच्या मुलांना टाइप म्हणजे काय हे सांगावे लागेल, कारण त्यांनी संगणकाचा फॉन्ट पाहिला आहे, शिशाचा खिळा पाहिलेला नाही. पूर्वी प्रत्येक अक्षराचा धातूचा एक छोटा खिळा असे. त्याच्या डोक्यावर उलटे अक्षर उठावदार असे. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी, ओळींचे पान होई, पानावर शाई फिरे आणि कागद दाबला की सुलटी अक्षरे उमटत. असा खिळा साच्यातून ओतून निघाला की त्याच्या कडांना धातूची खरखर राही. ती दगडावर घासून काढावी लागे. खिळा चारी बाजूंनी काटकोनात आणि उंचीला नेमका नसला, तर शेजारचे अक्षर वाकडे होई आणि सबंध ओळ डगमगे. हे घासण्याचे काम लहान मुलांकडे असे. कंटाळवाणे काम, हाताची बोटे काळी, श्वासात शिशाची धूळ. शिसे शरीराला किती घातक आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.

हजारो खिळे घासता घासता हा मुलगा ते पाहू लागला. कोणते अक्षर चांगले बसते, कोणते पुढच्या अक्षराला टेकते, कोणाची मात्रा मोडते, हे त्याच्या डोळ्यांत भरत गेले. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचे जाणकार मुद्रक होते. मराठी टाइप सुधारण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली होती. त्यांच्या हाताखाली खिळा कसा घडतो ही विद्या जावजींना पाहायला मिळाली. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश अशा छापखान्यांत त्यांनी नोकरी केली आणि टाइप ओतण्याच्या कामात ते पक्के तयार झाले.

आता क्षणभर जावजींना बाजूला ठेवून त्या काळच्या मराठी छपाईकडे पाहू. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी टाइपात छापले गेले. तेथील टाइप पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या परंपरेतले होते. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठी छपाई सुरू केली. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले आणि पुढे टाइपही तयार केले. म्हणजे वाट पाडणारे आधीच होऊन गेले होते. परंतु अक्षर अजून पुरते बसलेले नव्हते.

याचे कारण आपल्या लिपीतच आहे. इंग्रजीची सव्वीस अक्षरे, मोठी आणि लहान मिळून बावन्न. त्यांत आकडे आणि विरामचिन्हे मिळवली की काम भागते. देवनागरीत मात्र प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार. शिवाय जोडाक्षरे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा आणि अनुस्वार, तळमजल्यावर उकार. या तिन्ही मजल्यांचे खिळे एकमेकांत बेमालूम बसले पाहिजेत आणि वरची शिरोरेषा कोठेही न तुटता गेली पाहिजे. त्यासाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. मुलांनो, तुम्ही वहीत 'क्ष' किंवा 'ष्ट' लिहिताना चुकता ना? तेच अक्षर पोलादावर उलटे कोरायचे आहे, अशी कल्पना करा.

१८६४ साली, वयाच्या पंचविशीत, जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना सुरू केला. या धाडसात त्यांना मोलाची साथ मिळाली ती राणूजी रावजी आरू या त्यांच्या मित्राची. आरू हे पंच कोरण्यात निष्णात होते. पंच म्हणजे पोलादाची छोटी कांडी. तिच्या टोकावर कानशीने आणि कोरणीने अक्षर उलटे कोरायचे. मग ते पोलाद कडक करून तांब्याच्या पट्टीवर ठोकायचे, म्हणजे तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो. ही झाली अक्षराची मातृका. ती साच्यात बसवून तीत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा तापलेला रस ओतला की खिळा तयार. एका मातृकेतून हजारो खिळे निघत. पण पंच एकच, आणि पोलादाचा जास्त निघालेला कण पुन्हा चिकटवता येत नाही. शिवाय त्या काळी बटण दाबून अक्षर मोठे करण्याची सोय नव्हती. मजकुराचे लहान अक्षर आणि मथळ्याचे मोठे अक्षर यांसाठी सगळे पंच पहिल्यापासून वेगळे कोरावे लागत. एक अक्षरमालिका पुरी व्हायला किती महिने लागत असतील, याचा तुम्हीच विचार करा.

या दोघांच्या हातून जे अक्षर घडले त्याचा थाट काय होता? अक्षर गोल, भरदार आणि ठळक. त्यात जाड रेघ आणि बारीक रेघ यांतला फरक स्पष्ट. हा फरक कोठून आला, तर बोरूतून. बोरूचे टोक रुंद आणि तिरके कापलेले असते, त्यामुळे हात एका दिशेने गेला की रेघ जाड उठते, दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांच्या हातातले हे वळण जावजी आणि आरू यांनी पोलादात उतरवले. म्हणून यंत्राने छापलेले ते अक्षर वाचकाला परके वाटले नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी उर्दू वाचली जाते त्यांना हे लगेच पटेल. कातिबाच्या हातातला कलम म्हणजे बोरूचाच सख्खा भाऊ. नस्तालीक लिपीतला जाड-बारीकपणा त्याच्याच तिरक्या टोकातून येतो. फरक एवढाच, की नस्तालीकची अक्षरे वरून खाली उतरत जातात, एकमेकांच्या खांद्यावर बसतात, त्यामुळे ती शिशाच्या चौकोनी खिळ्यांत नीट बसली नाहीत. म्हणूनच उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबाकडून हाताने लिहून घेऊन छापली जात. १९८१ साली नूरी नस्तालीक हे अक्षर यंत्रावर आले, तेव्हा कोठे ही अडचण दूर होऊ लागली. देवनागरीची अडचण शिशातच सुटली, यामागे जावजींसारख्यांची चिकाटी होती.

युरोपातही जाड-बारीक रेघांचा हा खेळ चालू होता. इटलीत पार्मा येथे जियांबात्तिस्ता बोदोनी (१७४०-१८१३) या मुद्रकाने खांबासारखी जाड उभी रेघ आणि केसासारखी बारीक आडवी रेघ अशी अक्षरे घडवली. इंग्रजी अक्षराच्या टोकाला जी छोटी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. बोदोनीच्या अक्षरांत ती अगदी बारीक केली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या टाइपवाल्यांनी त्यातली जाड रेघ आणखी फुगवली आणि सोडतीच्या व खेळांच्या जाहिरातींसाठी भिंतीवरून ओरडणारी अक्षरे तयार केली. अशी अक्षरे दिसायला सोपी, घडवायला कठीण. जाड रेघ फुगली की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा कमी होते. ती जागा फार आवळली तर शाई भरून अक्षराचा गोळा होतो. बारीक रेघ फार बारीक केली तर दाबाखाली ती तुटते. इंग्रजी 'ओ'च्या पोटात एकच मोकळी जागा, आपल्या 'ज्ञ' आणि 'क्ष'मध्ये लहान लहान कितीतरी. म्हणून देवनागरीत ठळक अक्षर करणाऱ्याला काळ्या रेघेइतकाच पांढऱ्या जागेचाही हिशेब ठेवावा लागतो. निर्णयसागरचे टाइप ठळक असूनही स्वच्छ वाचता येत, यातच त्या कारागिरीची परीक्षा आहे.

टाइप कारखान्याचा जम बसल्यावर १८६९ साली जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला. मुंबईच्या काळबादेवी भागातील कोलभाट गल्लीचा पत्ता पुढे देशोदेशींच्या पंडितांना तोंडपाठ झाला. टाइप आपला, छपाई आपली, अशी दोन्ही कामे एका हाती आल्यामुळे पान कसे दिसावे यावर त्यांना पूर्ण ताबा ठेवता आला. खिळा झिजला की नवा ओतता येई. झिजलेल्या खिळ्यांची पुसट छपाई खपवून घेण्याची गरज राहिली नाही.

आणि येथेच, पालकहो, जावजींच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. सुंदर अक्षरांत चुकीचा मजकूर छापला तर त्या सौंदर्याचा उपयोग काय? जावजींचे स्वतःचे शालेय शिक्षण फार थोडे होते. संस्कृत ग्रंथातला पाठ शुद्ध की अशुद्ध, हे त्यांना स्वतः ठरवता येण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी विद्वानांना जवळ केले. १८८६ साली सुरू झालेल्या काव्यमालेचे संपादन जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी केले. ठिकठिकाणच्या हस्तलिखितांत दडून राहिलेली संस्कृत काव्ये आणि नाटके या मालेतून लोकांसमोर आली. मुलांसाठी विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून निर्णयसागरात छापले जाऊ लागले. जुन्या मराठी कवितेसाठी १८९० साली 'काव्यसंग्रह' सुरू झाला. मुद्रिते पुन्हा पुन्हा तपासली जात, आणि निर्णयसागरची प्रत म्हणजे विश्वासाची प्रत असा लौकिक झाला. संस्कृतचे अभ्यासक आजही निर्णयसागरच्या आवृत्तीचा हवाला देतात. ज्याच्या हातून दहाव्या वर्षी पुस्तक सुटले, त्याच्या छापखान्यातली पुस्तके जगभरच्या विद्यापीठांच्या कपाटांत जाऊन बसली.

१८९२ सालच्या एप्रिल महिन्यात जावजींचे निधन झाले. वयाची पन्नाशी नुकतीच ओलांडलेली होती. त्यांच्यामागे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी छापखान्याचे काम पुढे चालवले. निर्णयसागरचे टाइप दूरदूरच्या छापखान्यांत गेले. 'अ', 'झ', 'ण', 'ल' ही अक्षरे आज आपण ज्या वळणाने लिहितो ते मुंबई वळण मानले जाते. उत्तरेकडच्या जुन्या पुस्तकांत हीच अक्षरे निराळी दिसतात. मुंबई वळण सर्वत्र रुजण्यात मुंबईच्या टाइपवाल्यांचा, आणि त्यांत निर्णयसागरचा, वाटा मोठा आहे.

आता या चरित्रातून घ्यायचे काय, याविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. आपल्या मालेगावात, आणि वाशीम जिल्ह्यात इतरत्रही, असे काही पालक भेटतात की जे म्हणतात, शिकून कोणाचे भले झाले? मुलगा गॅरेजवर जाऊ दे, हाताला काम लागू दे. मुलीच्या बाबतीत तर सातवी-आठवी झाली की पुरे, असा विचार होतो. अशा पालकांच्या हाती जावजींचे चरित्र पडले तर ते म्हणतील, बघा, हाही शाळा सोडूनच मोठा झाला. म्हणून हे चरित्र नीट वाचले पाहिजे.

त्या छापखान्यात टाइप घासणारे एकटे जावजीच नसतील. त्यांच्या बरोबर बसून बोटे काळी करणाऱ्या इतर मुलांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? हजारांतून एखादा वर येतो आणि आपण त्या एकाची गोष्ट सांगतो, उरलेल्यांची गोष्ट सांगायला कोणी नसते. एकाच्या यशावर आपल्या मुलाचे भविष्य टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. दुसरे असे, की जावजींनी शाळा नाकारली नव्हती, गरिबीने ती हिरावून घेतली होती. हाती पैसा येताच त्यांनी तो कोठे लावला, हे पाहा. पंडित, संपादक, मुद्रिते तपासणारे अशा शिकलेल्या माणसांवर आणि पुस्तकांवर लावला. शिक्षणाची किंमत त्यांना कळत नसती, तर तसे झाले नसते. आणि तिसरे, त्यांच्या काळी दहा वर्षांच्या मुलाला कारखान्यात बसवण्याला कायद्याची आडकाठी नव्हती. आज सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आहे. जावजींना जे मिळाले नाही ते तुमच्या मुलांना मिळत असताना ते सोडून देणे म्हणजे हातातला घास टाकण्यासारखे आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शाळेत जाणाऱ्या पुष्कळ मुलांना हातकामाची लाज वाटते. पदवी घेतली की खुर्चीच हवी, असे त्यांना वाटते. जावजी आणि राणूजी आरू यांनी पोलादावर कानस चालवली म्हणून पंडितांची विद्या घरोघर पोहोचली. कारागिराचा हात आणि विद्वानाची बुद्धी एका छताखाली आली, तेव्हाच निर्णयसागर उभा राहिला. आपल्या समाजात गवंडी, सुतार, शिंपी, रंगारी, वेल्डर, मेकॅनिक असे कसबी लोक भरपूर आहेत. त्यांच्या मुलांनी शिकावे, खूप शिकावे, आणि शिकल्यावर बापाच्या कसबाकडे पाठ न फिरवता त्यात आपल्या विद्येची भर घालावी.

मुलांनो, शिशाचे खिळे आता गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑफसेट आणि संगणक आले आणि जुळाऱ्यांच्या केसा रिकाम्या झाल्या. पण अक्षर घडवण्याचे काम संपलेले नाही. २०१४ साली अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने 'रोझा वन' नावाचा फॉन्ट काढला. त्यात देवनागरी आणि इंग्रजी अशी दोन्ही अक्षरे आहेत. जाड रेघ अतिशय जाड, बारीक रेघ अतिशय बारीक. मोठ्या मथळ्यांसाठी, फलकांसाठी तो केलेला आहे आणि कोणालाही विनामूल्य वापरता येतो. पोलादाच्या जागी पडदा आला, कानशीच्या जागी माऊस आला. परंतु जाड रेघेला किती जागा द्यायची आणि पोटातली पांढरी जागा किती राखायची, हा प्रश्न आरूंच्या पुढे होता तसाच आजच्या अक्षरकाराच्या पुढे आहे. हे काम शिकवणारे अभ्यासक्रम मुंबईत आय. आय. टी. आणि सर ज. जी. संस्थेत आहेत. चित्रकलेच्या तासाला ज्याचा हात चांगला चालतो, फलकावर ज्याचे अक्षर पाहत राहावेसे वाटते, त्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने ही वाट जरूर डोळ्यांसमोर ठेवावी. पालकांनीही मुलाच्या चित्रवहीला वेळेचा अपव्यय समजू नये.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. कोणतेही छापील पुस्तक उघडा, त्यातले एकच अक्षर निवडा आणि ते नीट पाहा. रेघ कोठे जाड होते, कोठे बारीक होते, शिरोरेषेला कोठे मिळते, पोटात किती पांढरी जागा आहे. मग ते वहीत काढून पाहा. दोन रुपये पगारावर बसलेल्या एका मुलाने असेच एकेक अक्षर पाहिले होते. त्याला शाळा मिळाली नाही. तुम्हाला मिळाली आहे. तेव्हा तुम्ही त्याच्याही पुढे जायला हवे.